मानेवाड्याच्या भाचीची बारावी: एक फाइल, दोन परीक्षा

हे प्रकरण माझ्या भाचीचं आहे. २०२४-२५ ला ती बारावी सायन्सला होती, स्टेट बोर्ड, ओबीसी कॅटेगरी, घर नागपूरच्या मानेवाड्याला. भाऊजी हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला, ताई घरीच, लहान भाऊ तेव्हा आठवीत. नाव टाकायचं नाही या अटीवर तिने लिहू दिलंय, वर हेही सांगितलंय की मामा तुझ्या चुका पण लिही, नुसत्या बाबांच्या नको. तर लिहितो.

झालं असं की जून २०२४ मध्ये ताईचा फोन आला, तू जरा ये आणि हिच्या वर्षाचं प्लॅनिंग करून दे. प्लॅनिंग म्हणजे तिच्या डोक्यात टाइमटेबल होतं. सकाळी पाचला उठणे, कोणता विषय किती तास, मोबाईल कपाटात. मी गेलो, तर्री पोहे खाल्ले, उभी वही घेतली आणि टाइमटेबल बाजूला ठेवून पहिल्या पानावर सगळ्यात खाली लिहिलं "जून २०२५, कॅपचा फॉर्म". तिथून वर वर यायचं. (कॅप म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची राज्याची एकत्रित प्रक्रिया.) त्या फॉर्मच्या दिवशी हातात काय काय पाहिजे? बोर्डाची मार्कशीट, सीईटीचा म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, देशपातळीवरची जेईई दिली तर त्याचा स्कोअर, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर (ओबीसीतल्या प्रगत गटात नसल्याचा दाखला), उत्पन्नाचा दाखला, आधार. आठ-नऊ गोष्टी, आणि त्यातल्या अभ्यासाने मिळणाऱ्या फक्त तीन. बाकी सगळ्या कोणत्या ना कोणत्या खिडकीवर उभं राहून मिळवायच्या. ताईला हे आवडलं नाही. म्हणे, मी अभ्यासाचं विचारून राहिली अन् तू कागदाचं सांगून राहिला.

पण कागदाचंच आधी सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घाम निघाला.

व्हॅलिडिटीसाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, जातीचा आणि राहण्याचा. म्हणजे पोरीचा दाखला, बापाचा दाखला हे तर लागतंच, पण खरी भिस्त आजोबाच्या कागदावर. भाऊजींचे वडील, आबाजी, काटोल तालुक्यातल्या एका गावात शिकले. चौथीपर्यंत. त्यांची टीसी घरात कुठेच नाही. माझी स्वतःची व्हॅलिडिटी आहे, दहा वर्षांपूर्वी काढलेली, लॅमिनेशन करून ठेवलीय. मी मोठ्या तोऱ्यात ती घेऊन गेलो की घ्या, जोडा. भाची हसली, म्हणे मामा, बाबांच्या बाजूचं रक्ताचं नातं लागते. तिने माहिती आधीच वाचून ठेवली होती. म्हणजे माझा कागद फुकट. काका चालतो, आत्या चालते, सख्खा भाऊ-बहीण चालतात, मामा नाही चालत!

भाऊजींच्या बाजूला कोणाकडेच व्हॅलिडिटी नव्हती. मग पोळा झाल्यावर एका सोमवारी भाऊजींनी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं मोटरसायकलवर गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर चांगला माणूस, चहा पाजला, आणि कपाटातून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं. कव्हरवर "जनपद सभा" लिहिलेलं, जिल्हा परिषद यायच्या आधीच्या काळातलं. कडा उंदराने कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. एकेक पान हळूच उलटत होते सर. १९५७ च्या पानावर आबाजी सापडले. नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, सगळं होतं, आडनाव मात्र नव्हतं. त्या अख्ख्या पानावर कोणाचंच नव्हतं, तेव्हा लिहायची पद्धतच नसावी. भाऊजींचा चेहरा उतरला. सर म्हणाले, घाबरू नका भाऊ, हे अर्ध्या गावाचं आहे, निर्गम उतारा म्हणजे या नोंदीची नक्कल मी जशी आहे तशीच देतो, तुम्ही वंशावळीच्या शपथपत्रात लिहा की हा अमुक तोच माझा बाप, आणि तहसीलमधून कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढा, तिथे जन्माची नोंद सापडली तर दुहेरी काम होते. सापडली. दोन चकरा लागल्या, पण सापडली.

अर्ज ऑनलाइन भरून, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र जोडून, कागदाचा गठ्ठा जात पडताळणी समितीच्या ऑफिसात दिला तेव्हा ऑक्टोबर अर्धा संपला होता. प्रमाणपत्र आलं फेब्रुवारीत. हेच काम आम्ही रिझल्ट लागल्यावर सुरू केलं असतं तर? सरकार कधी कधी मुदतवाढ देते, पावतीवर अॅडमिशन होऊन जाते, पण त्या भरवशावर बसलेल्या लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत. बारावी सायन्सच्या पोरांना वर्ष सुरू असताना कॉलेजतर्फे अर्ज करता येतो तो याच्यासाठीच.

आता माझी चूक. नॉन क्रिमीलेअरचं काम माझ्याकडे होतं. मी नोव्हेंबरमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाकला, आठ दिवसांत दाखला आला, मी वहीत टिक केली आणि विसरलो. उत्पन्नाचा पुरावा एकाच वर्षाचा जोडला होता, म्हणून दाखल्याची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत. कॅपला पाहिजे ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला. तीन वर्षांचा पुरावा जोडला असता तर पुढची भानगडच नव्हती. हे कळलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. नवतपा नुकताच संपलेला, उकाडा तसाच, आणि सेतूच्या बाहेर ही लाइन, कारण सगळ्या शहराला एकाच आठवड्यात आठवलं होतं. चार तास उभा राहिलो. भाचीने मला पाण्याची बाटली आणून दिली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

त्यातच अजून एक गोम अशी की जेईईवाल्या जागांसाठी, म्हणजे जोसा या केंद्राच्या प्रवेश प्रक्रियेतून नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या ठिकाणी जायचं तर, केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रिमीलेअर, ओबीसी-एनसीएल, वेगळा लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला पाहिजे. आम्ही तोही नोव्हेंबरमध्येच काढला होता. हुशारी! म्हणजे नोव्हेंबरमध्ये काढलेले दोन्ही दाखले कॅप आणि जोसाच्या दृष्टीने रद्दी. लवकर काम करणं चांगलं हे सगळे सांगतात, पण दाखल्यांमध्ये काही लवकर काढायचे असतात आणि काही मुद्दाम थांबून काढायचे असतात. व्हॅलिडिटी, डोमिसाइल हे आधी. क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागल्यावर.

कागद झाले, आता अभ्यासाकडे येतो.

पोरीचं स्वप्न व्हीएनआयटी. नागपुरात सायन्स घेतलेल्या कोणत्याही पोराला विचारा, साउथ अंबाझरी रोडवरून जाताना त्या भिंतीकडे पाहतच मोठं झालेलं असते. १९६० चं कॉलेज, आधी व्हीआरसीई म्हणायचे, जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात. एनआयटी म्हणजे केंद्राचं कॉलेज असल्यामुळे निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या पोरांना, म्हणून आशा वाटते. मग शंकरनगरकडचे एक क्लासेस लावले, मानेवाड्यावरून आपली बस नाहीतर ऑटो, जाऊन-येऊन दीड-दोन तास रोज. कॉलेज सकाळी, क्लास दुपारी, घरी यायला आठ. वहीत लिहिलेला प्लॅन असा की जानेवारीपर्यंत जेईई मुख्य, फेब्रुवारी-मार्च बोर्ड, एप्रिलमध्ये परत जेईई आणि मग सीईटी. कागदावर छान दिसत होतं. मीच काढलं होतं.

दिवाळीनंतर ते ढिलं पडायला लागलं. क्लासच्या टेस्टमध्ये ३०० पैकी १०० च्या वर मार्क जाईनात. त्यात बोर्डाचं प्रॅक्टिकल २४ जानेवारीपासून, जेईईचे पेपर २२ पासून महिनाअखेरपर्यंत. तिची जेईई २८ ला आणि फिजिक्सचं प्रॅक्टिकल ३० ला. जर्नल पूर्ण नाही, सह्या बाकी. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात, ते काही सोडता येत नाहीत. २९ च्या रात्री ताई आणि मी दोघं आलेखाला पट्टीने रेघा मारून देत होतो. याला प्लॅनिंग म्हणत नाहीत हे मला माहीत आहे.

मग ११ फेब्रुवारी. बोर्डाचा पहिला पेपर, इंग्लिश, आणि त्याच दिवशी जेईईच्या जानेवारी सेशनचा रिझल्ट. ८४ पर्सेंटाइल आणि काहीतरी दशांश. भाऊजी खूश, त्यांना वाटलं ८४ टक्के. मग मला समजावून सांगावं लागलं की बसले होते १२ लाखांहून जास्त, त्यातले शंभरातले सोळा हिच्या पुढे, म्हणजे जवळपास दोन लाख पोरं. मागच्या वर्षी कोणत्या ब्रँचला कोणत्या रँकवर दार बंद झालं ते जोसाच्या साइटवर पाहता येते, मुलींच्या वेगळ्या जागांचं पण. आम्ही तिघांनी बसून पाहिलं. ओबीसी, मुलगी, होम स्टेट, सगळ्या सवलती धरूनही खूप अंतर होतं. त्या रात्री कोणी जेवलं नाही नीट.

एप्रिलच्या सेशनचा फॉर्म फेब्रुवारीतच भरायचा होता. माझं मत भरून टाक असं होतं. दोन्हीतला चांगला स्कोअरच धरतात, जाते काय? भाऊजींचंही तेच. ती पोरगी मात्र केमिस्ट्रीच्या पेपरच्या आधी दोन दिवस शांतपणे म्हणाली, "मामा, मी एप्रिलचा फॉर्म नाही भरून राहिली. ८४ चे ९० झाले तरी व्हीएनआयटी नाही, आणि त्यापायी सीईटी जाईल." भाऊजी म्हणाले, लोक काय म्हणतील, वर्षभर लाखाच्या वर फी भरली. ती म्हणाली, बाबा, फी तर भरून झाली ना.

यावर मी अजूनही विचार करतो. फॉर्म भरला असता तर बिघडलं नसतं असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही, आणि त्याचं कारण मार्चच्या शेवटी दिसलं. बोर्ड संपल्यावर तिने सीईटीची पहिली मॉक दिली. सीईटी म्हणजे १५० प्रश्न, १८० मिनिटं, २०० मार्क. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, मग ९० मिनिटांत मॅथ्सचे ५०, मॅथ्सला प्रत्येकी दोन मार्क. जेईईत तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न. आमची जेईईवाली पोरगी काही प्रश्नांना तीन-तीन मिनिटं चावत बसली, ९० मिनिटं झाली तेव्हा फिजिक्स-केमिस्ट्रीचे २६ प्रश्न पाहिलेच नव्हते. आणि पाहिलेल्यातले १४ कोरे सोडले होते. मी म्हटलं हे काहून सोडले? म्हणे शंभर टक्के खात्री नव्हती, मायनस होईल. अगं, सीईटीत मायनस नाहीच! तिला माहीत होतं हो, माहिती-पुस्तिका तिनेच वाचून दाखवली होती मला, पण दोन वर्षांची हाताची सवय. खात्री नसली की हात थांबतो.

ती सवय मोडायलाच तीन आठवडे लागले. एक दिवसाआड मॉक, घड्याळ समोर, ५० सेकंदात जमलं नाही तर खूण करून पुढे, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळे कोरे गोल भरून टाकायचे. अभ्यासक्रम बघितला तर बारावीचा भाग ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के, आणि अकरावीचे धडे ठरवून दिलेले असतात, अख्खं पुस्तक नाही. बोर्डाची तयारी ताजी असल्याने बारावीचं परत शिकायची गरज नव्हती, बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचलं, अकरावीच्या नेमक्या धड्यांना आठ दिवस दिले. तिसऱ्या आठवड्यात मॉकमध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे सगळे प्रश्न बघून होत होते आणि दोन-चार मिनिटं उरत होती. हे सगळं नेमकं त्याच दिवसांत झालं ज्या दिवसांत जेईईचं दुसरं सेशन होतं, २ ते ८ एप्रिल.

मधेच एक गंमत. एप्रिलमध्ये जेईई अॅडव्हान्स्डचा कटऑफ, म्हणजे आयआयटीच्या त्या परीक्षेला बसायची किमान रेषा, आला, ओबीसीचा ७९.४३ वर. म्हणजे आमची ८४ वाली क्वालिफाय! भाऊजींनी नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं, काकांचे फोन, पेढे, एका आत्याने तर मुंबईची आयआयटी चांगली का कानपूरची हेही विचारलं. तिची सीईटी होती २२ एप्रिलला. मी फक्त एवढंच केलं की ताईला सांगून तिचा फोन दोन दिवस घेऊन ठेवला. अॅडव्हान्स्डचा फॉर्म तिने भरला नाही, आणि मेच्या पूर्ण महिन्यात घरात हा विषय निघाला की भाऊजी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला जायचे.

५ मेला बोर्डाचा रिझल्ट लागला, ६०० पैकी ४८७. तिच्या मैत्रिणीची त्याच दिवशी परत सीईटी होती, कारण २७ एप्रिलच्या एका शिफ्टच्या मॅथ्सच्या पेपरात चुका निघाल्याने ती परीक्षा पुन्हा घेतली. बिचारीने रिझल्ट पाहायचा की पेपर द्यायचा! १६ जूनला सीईटी लागली, भाचीला ९७.४ पर्सेंटाइल. आता इथे घरातल्या सगळ्यांना एकदम मतं फुटली.

कॅपचा पसंतीक्रम भरायचा दिवस मला नीट आठवतो. त्या वर्षी चार राउंड होते आणि नियम असा की पहिल्या राउंडमध्ये पहिली पसंती मिळाली तर घ्यावीच लागते, दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तिनांतली मिळाली तर घ्यावी लागते, तिसऱ्यात पहिल्या सहांतली. त्या खालची मिळाली तर ती धरून ठेवून पुढच्या राउंडची वाट पाहता येते. हे समजेपर्यंत भाऊजींनी यादी सांगायला सुरुवात केली होती, एक नंबरला पुण्याचं सीओईपी, दोनला मुंबईचं व्हीजेटीआय, मिळो न मिळो, टाकायला काय जाते. मी म्हटलं टाका, पण समजा मिळालं तर पाठवणार का? हॉस्टेल, खाणं, पुण्याचा खर्च? भाऊजी गप्प. ताई म्हणाली, कॉम्प्युटर मिळालं तर पाठवू. मग एक नंबर सीओईपी कॉम्प्युटर राहिलं, ठरवून.

फीचा मुद्दा मात्र सुटलेला होता. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रायव्हेट कॉलेजातसुद्धा, अट एवढीच की अॅडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. इथे लोक एक घोळ करतात. नॉन क्रिमीलेअरला नोकरीचा पगार धरत नाहीत, फीमाफीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात धरतात. भाऊजींचा पगार धरूनही आकडा आठच्या आत बसत होता, म्हणून सरकारी का प्रायव्हेट हा प्रश्न पैशाचा उरला नाही, ब्रँचचा आणि घरापासूनच्या अंतराचा झाला.

दोन नंबरला नागपूरच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगचं कॉम्प्युटर, २०१६ चं नवीन कॉलेज आहे, खापरीकडे. तीन नंबरला तिथलंच इलेक्ट्रॉनिक्स. चारला एका प्रायव्हेट ऑटोनॉमस कॉलेजचं कॉम्प्युटर, मग एलआयटीचं केमिकल, १९४२ ची संस्था, केमिस्ट्री आवडणाऱ्या पोरांसाठी माझ्या मते नागपुरातली सगळ्यात दुर्लक्षित चांगली जागा, पण तिला नको होतं, म्हणून पाचवर गेलं. तीन आणि चारमध्ये रात्री साडेअकरापर्यंत वाद. मी तिला एकच प्रश्न विचारत होतो, तीन नंबर दुसऱ्या राउंडला आलं तर तिथेच थांबावं लागेल, मग तिसऱ्या राउंडला कॉम्प्युटर आलं असतं का म्हणून रडशील का? ती म्हणाली नाही रडणार. वहीच्या पानावर पेन्सिलने तीन-चारची अदलाबदल तिने पाच वेळा केली होती, कागद तिथे पातळ झालेला.

पहिल्या राउंडला चार नंबर लागला. घेऊन ठेवला, फ्रीझ म्हणजे कायम केला नाही. दुसऱ्या राउंडला तीन नंबर लागला, आणि नियमाप्रमाणे तिथेच शिक्का. भाऊजी म्हणाले, चारवर टाकलं असतं तर अजून वाट पाहता आली असती.  पुढच्या राउंडला दोन नंबर आला असता की नाही हे पाहायला आम्ही गेलो नाही, तिनेच सांगितलं की कटऑफ उघडून पाहायचा नाही, आणि मी पाहिला आहे पण तिला सांगितलेला नाही.

आता रोज मेट्रोने खापरीला जाते. फाइल ताईच्या कपाटात आहे, त्यात आबाजींच्या निर्गम उताऱ्याच्या सहा झेरॉक्स ठेवल्यात, कारण लहान भावाला आता बहिणीच्या व्हॅलिडिटीवरच काम होईल. त्याला परवा सांगितलं की तुझं तं अर्धं काम झालं बाप्पा, तर म्हणतो मामा, मला कॉमर्स घ्यायचं आहे, बीबीए करणार. मी म्हटलं त्यालाही २०२४ पासून सीईटी आहे. तो म्हणाला, मग फाइल कुठाय?